रिकाम्या खुर्चीचे ऋण

लखनौच्या हजरतगंजात ज्या इमारतीला लहानथोर सर्वजण नुसते ‘जीपीओ’ म्हणतात, तिला एक पूर्वायुष्य आहे. इंग्रजी अमदानीत ती ‘रिंग थिएटर’ या नावाने ओळखली जाई, आणि काकोरी कटाचा खटला तेथेच चालला. फिर्यादी, आरोपी, साक्षीदार आणि न्यायाधीश हे सारे त्या भिंतींनी एकत्र पाहिलेले आहेत. सायंकाळी कचेरी सुटल्यावर आम्ही गंजातून पायी घराकडे निघतो, तेव्हा त्या घड्याळाच्या मनोऱ्याखालून जाताना एक विचार पुष्कळदा मनात येतो. खटला उभा राहण्यास आरोपी तर हवाच. मग ज्या नुकसानाला आरोपीच नाही, त्याची दाद माणसाने कोठे मागावी?

हा प्रश्न सुचण्याचे निमित्त त्याच इमारतीपुढच्या पदपथावर घडलेले आहे. २०१५ सालच्या सप्टेंबर महिन्यात, तेथे बसून लोकांचे अर्ज टाइप करून देणाऱ्या एका वृद्ध गृहस्थाचा टाइपरायटर एका पोलीस उपनिरीक्षकाने लाथ मारून मोडला. हात जोडून विनवणारा म्हातारा आणि फरशीवर विखुरलेले यंत्र यांची छायाचित्रे देशभर प्रसिद्ध झाली. लोकांचा संताप उसळला, तो अधिकारी निलंबित झाला, आणि जिल्ह्याचे व पोलिसांचे वरिष्ठ अधिकारी नवा टाइपरायटर घेऊन स्वतः त्या गृहस्थाच्या घरी गेले. आम्ही तेव्हा लखनौस आलो नव्हतो. वर्तमानपत्रात ते चित्र पाहून चार लोकांप्रमाणे आम्हीही हळहळलो, आणि नवे यंत्र मिळाल्याचे वाचून चार लोकांप्रमाणेच निश्चिंत झालो.

पुढे बदली होऊन येथे आलो, त्या पदपथावरून रोजचे जाणे-येणे सुरू झाले, आणि त्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग हळूहळू ध्यानात आला. तो टाइपरायटर लाथेने मोडण्याच्या कितीतरी आधीपासून दुसऱ्या एका रीतीने मोडतच आलेला होता. गोदरेज कंपनीने १९५५ साली टाइपरायटर बनविला तेव्हा स्वदेशी उद्योगाचे ते मोठे भूषण ठरले. २०११ साल उजाडेपर्यंत त्या कारखान्यातील हे उत्पादन थांबलेले होते. अर्ज संगणकावर लिहिले जाऊ लागले, मग ते अर्जदाराच्या घरूनच परस्पर जाऊ लागले, आणि पदपथावर बसणाऱ्यांसमोरचे गिऱ्हाईक एकेक करून उठून गेले. लाथेने मोडलेले यंत्र सरकारने भरून दिले, हे उचितच झाले. पण गिऱ्हाइके कोणी नेली? त्याबद्दल कोणालाही निलंबित करता आले नसते, कारण तेथे कोणाचाच पाय उचलला गेला नव्हता. ज्याने घरबसल्या अर्ज पाठविला त्याने काही वाईट केले नाही. ज्याने ती सोय करून दिली त्याने तर लोकांचे हेलपाटेच वाचविले. सर्वांनी आपापल्या परीने योग्य तेच केले, आणि एका धंद्याचे पोट गेले.

अपकार म्हणजे काय हे आपल्याला कळते, कारण त्याला करणारा असतो. महापूर आणि अवर्षण हीही कळतात, कारण तेथे करणारा नसतोच. यंत्रापायी जाणारी भाकरी मात्र या दोहोंच्या मधे कोठेतरी पडते. ती महापुरासारखी आपोआप येत नाही. ती माणसांच्या निर्णयाने येते. परंतु तो निर्णय इतक्या माणसांत वाटला गेलेला असतो की, दोष म्हणून दाखविता येईल एवढा भाग कोणाच्याच वाट्यास येत नाही. तरीही पदपथावरच्या माणसाच्या बाबतीत एक गोष्ट शिल्लक राहते: तो दिसतो. त्याचे छायाचित्र निघू शकते, आणि ते पाहून एखाद्या अधिकाऱ्यास त्याच्या घरी जावेसे वाटते. आम्हांला ज्या नुकसानाविषयी लिहावयाचे आहे, त्यात सोसणारादेखील दिसत नाही. ते पदपथावर घडत नाही. ते आमच्या कचेरीत, आणि वाचकहो, बहुधा आपल्याही कचेरीत घडते, आणि त्याच्या कागदांवर आपलीच अक्षरे असतात.

आम्ही केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून आहोत. वयाची तिशी ओलांडली आहे, पदरी पदवी आहे, आणि ज्या परीक्षेस लाखो मुले बसतात तिच्यातून वर येऊन ही खुर्ची मिळाली आहे. आमच्या विभागातील जुनी माणसे सांगतात की, एके काळी तेथे टंकलेखकांची स्वतंत्र खोली होती आणि तिचा खडखडाट खालच्या जिन्यापर्यंत ऐकू येई. फायली शिवणारा दफ्तरी निराळा, प्रती काढणारा गेस्टेटनर ऑपरेटर निराळा, जमादार निराळा, फरास निराळा. सहाव्या वेतन आयोगाच्या २००८ सालच्या अहवालानंतर ‘ड’ वर्गातले हे सारे हुद्दे एकत्र करून त्यांना ‘मल्टी टास्किंग स्टाफ’ असे एकच नाव देण्यात आले. फाईल आता पडद्यावरून पडद्यावर जाते; तिला शिवावे लागत नाही, की काखेत मारून तीन मजले चढावे लागत नाहीत.

यांपैकी एकाही माणसाला आमच्या कचेरीने काढून टाकले नाही, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. दफ्तरी साठ वर्षांचा झाला, त्याला हार घातला, मिठाई वाटली, साहेबांनी त्याच्या प्रामाणिकपणाविषयी दोन शब्द सांगितले. त्याचे निवृत्तिवेतन वेळेवर सुरू झाले. त्यानंतर त्याची खुर्ची भिंतीकडे सरकविली गेली, आणि काही काळाने त्या पदावर एक टिपणी लिहिली गेली. ठराविक मुदतीपर्यंत रिकामे राहिलेले पद रद्द समजावे, असा दंडकच आहे. ज्या हुद्द्यांवर पुढे भरती व्हावयाची नाही त्यांना सरकारी भाषेत ‘डाइंग केडर’ म्हणतात. मरणोन्मुख संवर्ग! त्या संवर्गातला माणूस सुखाने जगतो, पेन्शन खातो, नातवंडे खेळवितो. मरते ते पद. आणि पदाला कोणी नातलग नसल्यामुळे त्याच्या मागे कोणी रडत नाही.

हे इतके नीटनेटके कसे होऊ लागले याला एक इतिहास आहे, आणि त्याचे मूळ आपल्या मुंबईत सापडते. १९२८ साली मुंबईतील गिरणीमालकांनी कार्यक्षमतेच्या नावाखाली दोन साचे चालविणाऱ्या विणकराकडे तीन साचे देण्याचा घाट घातला. इतर गाऱ्हाणीही होतीच. परंतु या गोष्टीने कामगारांच्या काळजाला हात घातला, आणि सुमारे दीड लाख माणसे एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संपावर राहिली. त्या लढ्यात कोणाचे काय जाणार आहे हे डोळ्यांना दिसत होते. आपण तिसरा साचा घेतला तर शेजारचा घरी बसेल, आणि तो शेजारी त्याच चाळीतला, बहुधा त्याच गावचा, कदाचित एकाच खोलीत वळकटी पसरणारा असे. माणूस डोळ्यांसमोर असला की न्यायाची जाणीव फार शिकवावी लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न सामोपचाराने सोडविण्याचा प्रयत्न झाला. १९५७ सालच्या जुलै महिन्यात दिल्लीस भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार या तिघांनी मिळून यांत्रिक सुधारणांविषयी एक नमुना करार मान्य केला. नव्या यंत्रांमुळे कामावर असलेल्या कोणाचीही नोकरी वा कमाई जाऊ नये. कामाचा बोजा रीतसर मोजला जावा. आणि सुधारणेपासून होणारा लाभ समाज, मालक व कामगार यांच्यात न्याय्य रीतीने वाटला जावा, असा त्याचा आशय होता. तो करार उदात्त होता, आणि त्यामुळे कित्येकांच्या चुली पेटत्या राहिल्या, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. परंतु त्यात एक अपवाद होता. मृत्यू, निवृत्ती, राजीनामा अशा स्वाभाविक कारणांनी जी माणसे गळतील, त्यांच्या जागा भरल्याच पाहिजेत असे नव्हे. या स्वाभाविक गळतीकडे त्या वेळी फारसे कोणाचे लक्ष गेले नसावे. छप्पर गळते तेव्हा आतली माणसे भिजतात; या गळतीत मात्र आतली माणसे कोरडी राहतात आणि जो बाहेर उभा आहे तो भिजतो.

मुंबईच्या गिरण्यांतील वाइंडिंग आणि रिळिंग या खात्यांतून एके काळी बायका मोठ्या संख्येने काम करीत. नवी यंत्रे येत गेली तशी त्यांची संख्या दशकागणिक घटत गेली. काहींना काढलेही, पण पुष्कळ अंशी असे झाले की, आई घरी बसली आणि तिच्या जागी मुलगी लागली नाही. जी मुलगी लागलीच नाही तिचे नाव कोणत्याही हजेरीपटावर सापडणार नाही. मग तिच्या वतीने संप कोण करणार?

गिरण्यांनंतर कारकुनांची पाळी आली. १९५६ साली स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळात पुढच्या दशकात संगणक आणण्याचे ठरले. मुंबईस तो आला. कलकत्त्यास मात्र तो बसू नये म्हणून कर्मचाऱ्यांनी इमारतीवर रात्रंदिवस पहारा ठेवला. प्रकरण इतके पेटले की १९६९ साली केंद्र सरकारने स्वयंचलनाच्या प्रश्नावर एक समिती नेमली, आणि तिचे अध्यक्षपद पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर यांच्याकडे दिले. तिचा अहवाल १९७२ साली आला. याच प्राध्यापकांनी नीळकंठ रथ यांच्यासह भारतातील दारिद्र्याचे मोजमाप करणारा ग्रंथ १९७१ साली प्रसिद्ध केला होता. देशातील भूक मोजणाऱ्यालाच संगणकाविषयी विचारावे, यात एक औचित्य होते असे आम्हांस वाटते. पुढे वारे पालटले. १९८३ साली बँकांचे व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला, आणि कामावर असलेल्यांच्या नोकरीस धक्का न लावता यंत्रे आत आली.

कलकत्त्याचा तो पहारा आठवून आज हसण्याची चाल आहे. संगणकाला अडविणारे ते केवढे अडाणी, असे आमच्याच वयाची माणसे म्हणतात. आम्ही स्वतः दिवसभर संगणकावर काम करतो, आणि त्याविना आमचे पानही हलणार नाही. तेव्हा तो पहारा यशस्वी व्हावयास हवा होता असे म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाही. पण त्यात एक गोष्ट होती, ती नंतरच्या करारांत उरली नाही. जो अद्याप नोकरीस लागलेलाच नव्हता त्याच्या वतीने कोणीतरी रात्री जागे होते. करार करणाऱ्यांनी दगा दिला असे आम्ही म्हणत नाही. बोलणी जो समोर बसतो त्याच्यापुरतीच होतात, आणि न आलेला माणूस कोणत्याही बैठकीस येऊ शकत नाही.

आता आमची स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण दुसऱ्यांविषयी लिहून आपण मोकळे व्हावे हे प्रशस्त नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या मेजावर एक प्रकरण आले. टंकलेखनाच्या कामाची दोन पदे बरेच दिवस रिकामी होती. त्यांचे काय करावे यावर टिपणी लिहावयाची होती. आम्ही ती दुपारच्या चहाआधी लिहून काढली. कामाचे स्वरूप बदलल्यामुळे प्रस्तुत पदांची आवश्यकता उरलेली नाही, सबब ती रद्द करण्यास हरकत नसावी, असा तिचा सारांश होता. खरे सांगावयाचे तर तिच्या भाषेचा आम्हांला थोडा अभिमानही वाटला.

आमच्या घरमालकांचा धाकटा मुलगा चार वर्षांपासून कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेची तयारी करीत आहे. आमच्या खोलीच्या भिंतीपलीकडे तो पहाटे पाचला उठून टाइपिंगचा सराव करतो, कारण त्या परीक्षेत मिनिटाला हिंदीचे तीस किंवा इंग्रजीचे पस्तीस शब्द टाइप करून दाखवावे लागतात. त्या रात्री जिन्यात तो भेटला आणि अदबीने विचारता झाला, “भाईसाहब, इस बार आपके दफ़्तर में कुछ जगहें निकलेंगी?” आम्ही म्हटले, “देखते हैं.” सरकारी नोकराचे हे उत्तर खोटे नसते, आणि खरेही नसते. दुसऱ्या दिवशी पहाटे भिंतीपलीकडून कळांचा तो आवाज आला तेव्हा आम्ही जागेच होतो.

आमच्या टिपणीने त्या मुलाचे काय बिघडविले? काटेकोरपणे पाहिले तर काहीच नाही. त्या दोन जागांपैकी एक त्यालाच मिळाली असती, ही शक्यता नगण्य होती. त्या देशातल्या कोणत्याही दोन मुलांना मिळाल्या असत्या. म्हणजे लाखांपैकी दोघांचे नुकसान झाले हे निश्चित. पण ते दोघे कोण हे आम्ही सांगू शकत नाही, आणि त्यांना स्वतःलाही ते कधी कळणार नाही. जो घाव कोणाच्याही अंगावर दाखविता येत नाही, तो घाव आहे की नाही? कायद्याच्या दृष्टीने नाही. आमच्या दृष्टीने मात्र, घेणेकऱ्याचा पत्ता सापडत नाही म्हणून कर्ज फिटले असे होत नाही.

येथे आमचे काही विचारी वाचक हरकत घेतील, आणि त्यांच्या हरकती बिनतोड नसल्या तरी वजनदार आहेत. पहिली अशी की, जे काम गेले ते टिकविण्याजोगे होते काय? इंग्रजांच्या कचेऱ्यांतून दोरी ओढून पंखा हालविणारा माणूस बसविलेला असे. विजेचा पंखा आला आणि तो गेला. त्याला परत आणावे असे कोणी म्हणणार नाही. एका चुकीसाठी सारे पान पुन्हा टाइप करणे, शाईने कोपरापर्यंत काळे होऊन दिवसभर प्रती काढणे, यांतही काही माणुसकीचे वैभव नव्हते. हे आम्हांला मान्य आहे. तथापि यंत्र कसे यावे हे नेहमीच नियतीने ठरविलेले असते, असे मात्र नाही, आणि त्याचा दाखला याच हजरतगंजात आहे. मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ साली लखनौत छापखाना काढला. त्यांच्या नावाचा रस्ता गंजात आजही आहे. उर्दूची नस्तालीक लिपी धातूच्या खिळ्यांत नीट बसत नसे, आणि वाचकांना तिचे डौलदार वळण सोडवत नसे. तेव्हा त्या काळच्या छापखान्यांनी शिळाछाप पत्करला. कातिबाने हाताने लिहावे, ते दगडावर उतरावे, आणि दगडावरून हजारो प्रती निघाव्यात. आपल्याकडे मुंबईत गणपत कृष्णाजींनी त्याच्याही आधी हीच शिळाछापाची वाट धरली होती. यंत्र आले आणि लेखकही राहिला. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी नस्तालीक संगणकात उतरली तेव्हा कातिबाला दौत-लेखणी आवरावी लागली. शिळाछाप हे यंत्रच आणि संगणक हेही यंत्रच. एकाने हाताला काम दिले, दुसऱ्याने ते काढून घेतले. समाज यंत्राकडे काय मागतो यावर पुष्कळ अवलंबून असते.

दुसरी हरकत अशी की, यंत्र जुनी कामे नेते तशी नवी आणतेही. हेही खरे आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून गावोगावी एसटीडी-पीसीओची दुकाने निघाली. कित्येक अपंग माणसांना आणि नोकरी न मिळालेल्या तरुणांना त्या काचेच्या खोक्यांनी सन्मानाची भाकर दिली; हजार-दीड हजार मैलांवरून घरी बोलण्यासाठी रात्रीच्या स्वस्त दराची वाट पाहत आपले वडीलधारे तेथेच रांगेत उभे राहिलेले आहेत. मग मोबाइल आला, आणि वीसेक वर्षांत ती दुकाने गेली. मोबाइलच्या धंद्याने त्याहून अधिक माणसे पोसली असतील. पण ज्याचे दुकान गेले तोच त्या नव्या धंद्यात शिरला असे झाले नाही. देशाच्या जमाखर्चात बेरीज जुळते. घराच्या जमाखर्चात ती जुळतेच असे नाही, आणि माणसे घरात राहतात.

तिसरी हरकत सर्वांत कठीण. सरकारी कचेरी म्हणजे अन्नछत्र नव्हे. काम नसताना पदे ठेवली तर त्यांचा पगार शेवटी गरिबाच्याच करातून जातो. याला आमचे उत्तर एवढेच की, काम संपलेले नाही, फक्त ती पदे संपली आहेत. न्यायालयांत खटले पडून आहेत, शाळांत शिक्षक अपुरे आहेत, रुग्णालयांत परिचारिकांना उसंत नाही. सरकारी रिवाज असा आहे की, नवे पद मागावयाचे तर तेवढ्याच बचतीचे जुने पद रद्द करून दाखवावे लागते. पण जुने पद रद्द करताना, त्यातून वाचलेला पैसा कोणत्या नव्या हातांना काम देईल, हे कोणालाही दाखवावे लागत नाही. तराजूचे एकच पारडे तपासण्याचा हा प्रकार आहे.

गंजातून चालताना आम्हांला दोन पुतळे लागतात. जीपीओजवळच्या बागेत महात्मा गांधींचा, आणि पुढे चौकात डॉ. आंबेडकरांचा. यंत्राच्या प्रश्नावर या दोघांचे एकमत नव्हते. गांधीजींनी १९२४ साली स्पष्ट केले होते की, आपला विरोध यंत्राला नसून यंत्राच्या वेडाला आहे. श्रम वाचविता वाचविता हजारोंना उपाशी रस्त्यावर आणणारी बचत त्यांना नको होती, आणि शिवणयंत्रासारख्या अपवादाचे त्यांनी कौतुकही केले होते. आंबेडकरांनी १९४५ सालच्या आपल्या ग्रंथात उलट बाजू मांडली. फुरसतीवाचून संस्कृती नाही, यंत्रावाचून सामान्य माणसाला फुरसत नाही, आणि यंत्राच्या नावावर खपविले जाणारे अनर्थ वस्तुतः समाजाच्या चुकीच्या रचनेचे आहेत, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या पाठीवर ओझेच लादले गेले त्यांच्या वतीने हे बोलले गेले होते, हे विसरता कामा नये.

आमच्या कचेरीत दोघांचीही कसोटी लागते. गांधीजींना भीती होती तसे कोणी रस्त्यावर फेकले गेले नाही. आंबेडकरांना हवी होती ती फुरसतही आली. पण ती कोणाकडे आली? केन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९३० साली असे भाकीत केले होते की, शंभर वर्षांत माणसाला आठवड्यास पंधरा तास काम पुरेल. ती मुदत आता भरत आली. केंद्रीय कचेऱ्यांत १९८५ साली पाच दिवसांचा आठवडा आला, पण त्याबरोबर रोजचे तास वाढले, आणि त्यानंतर इतकी यंत्रे येऊनही आमचे तास कमी झालेले नाहीत. यंत्राने वाचविलेला वेळ नाहीसा झाला नाही. तो भिंतीपलीकडच्या त्या मुलाकडे गेला. त्याच्याजवळ सारा दिवस रिकामा आहे, आणि पगार नाही. आमच्याजवळ पगार आहे, आणि दिवस रिकामा नाही. एकाच फुरसतीची ही वाटणी झाली आहे, आणि ती वाटणी करताना कोणी विचारले नाही.

आपल्या पूर्वजांनी माणसाच्या माथ्यावर तीन ऋणे सांगितली. त्यांतले पितृऋण आम्हांला सर्वांत विचार करावयास लावते, कारण ते ज्यांच्याकडून घेतले त्यांना परत देता येत नाही. ते पुढे येणाऱ्यास देऊनच फिटते. आमची खुर्ची आम्ही गुणांवर मिळविली हे खरे, पण ती आमच्यासाठी तेथे उरलेली होती, कारण आमच्या आधीच्यांनी संप केले, पहारे दिले, करार केले. ते ऋण आम्ही त्यांना फेडू शकत नाही. जो अद्याप आलेला नाही त्यालाच ते फेडावयाचे आहे, आणि नेमके त्याच्याच नावाचे खाते आम्ही एकेका टिपणीने बंद करीत आलो आहोत. आता तर टिपण्यांचा मसुदा करणारे यंत्रही आले आहे. आमचे स्नेही गमतीने म्हणतात की, त्याची इंग्रजी आमच्याहून बरी आहे. आम्हांला त्यापासून धोका नाही. आम्ही साठ वर्षांचे होऊ, हार घालून घेऊ, मिठाई वाटू. मग आमची खुर्ची भिंतीकडे सरकविली जाईल, आणि तिच्यावरची टिपणी बहुधा ते यंत्रच लिहील.

आपल्यापैकी कित्येकजण आमच्याहून पुष्कळ वरच्या हुद्द्यांवर आहेत. ज्या टिपण्या आम्ही लिहितो त्यांवर आपली सही होते. यंत्रे थांबवा असे सांगण्याइतके आम्ही भोळे नाही. एवढेच म्हणावयाचे आहे की, पद रद्द करण्याच्या कागदावर वाचलेल्या रकमेचा रकाना असतो, तसाच त्या रकमेतून कोणते नवे काम उभे राहणार याचाही एक रकाना असावा. तो कोरा राहिला तरी चालेल. निदान तो कोरा आहे हे सही करणाऱ्यास दिसेल.

आमच्याही टिपणीचे पुढे थोडे झाले. जिन्यातील त्या भेटीनंतर दुसऱ्या दिवशी आम्ही ती पुन्हा उघडली. ई-ऑफिसमध्ये टिपणी प्रथम पिवळ्या पानावर असते, तोवर ती बदलता येते. हिरवी झाली की ती कायमची. आमची अजून पिवळी होती. तिच्या शेवटी आम्ही एक ओळ घातली: ही पदे रद्द झाल्यास पुढील भरतीत दोन उमेदवारांची संधी कमी होईल, त्याचाही विचार व्हावा. पाठविण्यापूर्वी साहेबांना दाखविली. ते सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी ती दोनदा वाचली आणि सौम्यपणे विचारले की, ही ओळ कोणत्या नियमाखाली लिहिली आहे? आम्हांला नियम सांगता आला नाही. आम्ही ती ओळ पुसली, टिपणी हिरवी केली आणि वर पाठविली.

ती ओळ या पानांवर पुन्हा लिहिली आहे. पहाटे भिंतीपलीकडून कळांचा आवाज अजून येतो. मिनिटाला तीस शब्दांची मर्यादा त्या मुलाने केव्हाच ओलांडली आहे, असे त्याच्या आईने परवा मोठ्या आनंदाने सांगितले.